रानातलं पाणी: उकळायचं, गाळायचं की गोळी टाकायची?

झऱ्याचं पाणी काचेसारखं दिसतं, थंडगार लागतं. वरच्या अंगाला एखादं जनावर पाण्यात उभं राहून तिथेच घाण करून गेलंय, हे खाली ओंजळ भरणाऱ्याला कुठून कळणार? बरं, पोट लगेच बिघडतं असंही नाही. जिआर्डिया नावाच्या, पाण्यातून पोटात जाणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा त्रास साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू होतो. तोवर आपण घरी पोचलेलो असतो आणि खापर फुटतं काल खाल्लेल्या जेवणावर. ‘मी कायम ओढ्याचंच पाणी पितो, मला कधी काही झालं नाही’ असं सांगणाऱ्यांवर म्हणूनच फार विसंबू नये.

सोबत न्यायला सोपे मार्ग चार: उकळणं, फिल्टर, गोळ्या किंवा थेंब, आणि यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. चारही नीट वापरले तर चालतात. ‘सगळ्यात जास्त जंतू कोण मारतं’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ही गोष्ट फसली, तर फसल्याचं मला पाणी प्यायच्या आधी कळेल का, हे मी आधी बघतो.

शत्रू किती मोठा आहे तेही बघावं लागतं. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी त्यातल्या त्यात थोराड, साधारण 4 ते 12 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिवाणू त्याहून लहान. पोटाचे विषाणू तर 0.1 मायक्रॉनच्याही खालचे. निर्जन डोंगरात भीती मुख्यतः परजीवी आणि जिवाणूंची. विषाणू येतात ते बहुतेक माणसांच्या विष्ठेतून. त्यामुळे वर वस्ती असेल किंवा गजबजलेला तळ असेल, तर हिशेब बदलतो.

उकळणं हा या चौघांतला सगळ्यात सरळ गडी. परजीवी, जिवाणू, विषाणू, कुणालाच सोडत नाही. खळखळून उकळी फुटल्यावर 1 मिनिट, आणि साधारण 2000 मीटरच्या वर असाल तर 3 मिनिटं. भांड्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे, सगळं पाणी ढवळून निघायला हवं. ‘उंचावर पाणी लवकर उकळतं, मग जंतू मरतात कशावरून?’ असं हमखास विचारलं जातं. 5000 मीटरवर पाणी साधारण 83 अंशांना उकळतं आणि तेवढी उष्णताही त्यांना पुरून उरते. शिवाय उकळणं फसलं तर लपून राहत नाही: इंधन संपतं, चूल विझते, पाणी उकळतच नाही. तोटे उघड आहेत. इंधन वाहायचं, थांबायचं आणि भर दुपारी तहानेनं जीव कासावीस असताना कढत पाणी निवण्याची वाट बघायची. पाणी बेचव लागलं तर या भांड्यातून त्या भांड्यात दोन-चारदा ओतावं. ती दोन्ही भांडी मात्र स्वच्छ हवीत.

फिल्टर आज बहुतेकांच्या सॅकमध्ये असतो आणि सोय बघता ते बरोबरच आहे. आत पोकळ धाग्यांची जुडी, धाग्यांच्या भिंतीला 0.1 किंवा 0.2 मायक्रॉनची छिद्रं. पिशवी भरा, दाबा, प्या. परजीवी आणि जिवाणू अडतात, विषाणू बहुतांशी निसटतात. गाळानं धार बारीक झाली तर ते हाताला लगेच जाणवतं, उलटं पाणी मारलं की फिल्टर पुन्हा मोकळा होतो. इथवर ठीक.

खरा दगा थंडीत होतो. एकदा वापरलेल्या फिल्टरच्या धाग्यांत पाणी राहतंच, कितीही झटका. ते गोठलं की फुगतं आणि धागे तडकतात. माझा एक फिल्टर असाच रात्रभर तंबूच्या दाराशी राहिला. सकाळी बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची पापुद्र्याएवढी साय होती. उन्हात ठेवल्यावर फिल्टर पहिल्यासारखाच दिसायला लागला. पाणीही छान येत होतं, उलट धार जरा जास्तच मोकळी वाटली, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तडा बाहेरून दिसत नाही. गोठल्याचा संशय आला की तो फिल्टर बाद, मग जीव कितीही हळहळो. तेव्हापासून थंडीत मी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घेतो. बरोबरचे हसतात, हसू देत.

गोळ्या वजनाला नगण्य आणि बिघडायला त्यात काही नाही. फक्त मुदत संपलेली नको. क्लोरीन जिवाणू आणि विषाणूंवर चांगलं चालतं, जिआर्डियावर सावकाश, आणि क्रिप्टोस्पोरिडियमपुढे हात टेकतं. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाला क्लोरीन घातलेलं पाणी येत असूनही याच परजीवीमुळे सुमारे 4 लाख लोक आजारी पडले, असा अंदाज आहे. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या त्यालाही मारतात, पण त्याला 4 तास लागतात. बाकीच्यांना साधारण अर्धा तास पुरतो. पाणी थंड असेल तर वेळ आणखी वाढते. म्हणजे इथे फसते ती गोळी नव्हे, आपला धीर. वीस मिनिटं झाली, घसा कोरडा पडलाय, आणि ‘झालं असेल आता’ म्हणत हात बाटलीकडे जातो. आयोडीनच्या गोळ्या किंवा थेंब गरोदर बाईनं आणि थायरॉइडचा त्रास असलेल्यानं घेऊच नयेत.

एक बारीकशी गोष्ट बरेच जण विसरतात. बाटलीच्या आट्यांमध्ये झऱ्याचं कच्चं पाणी अडकलेलं असतं आणि ओठ नेमके तिथेच लागतात. गोळी विरघळली की झाकण जरा सैल करून बाटली उलटी करावी, औषधाचं पाणी आट्यांतून झिरपू द्यावं, मग झाकण घट्ट लावून वेळ मोजायला सुरुवात करावी.

यूव्ही दिव्याबद्दल मी थोडा साशंक आहे, हे आधीच सांगून टाकतो. लिटरभर निवळ पाण्याला साधारण दीड मिनिट पुरतं, चवीला धक्का नाही, आणि तिन्ही प्रकारचे जंतू वाढण्याजोगे उरत नाहीत. पण पाणी गढूळ असलं की गाळाच्या कणांआड जंतू सुखरूप राहतात, आणि दिवा आपला इमानानं पेटून ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. थंडीत बॅटरीही मान टाकते. पारदर्शक प्लास्टिकची बाटली 6 तास कडक उन्हात ठेवणं हा त्याचाच फुकटातला भाऊ. ढग असतील तर दोन दिवस लागतात, म्हणून चालत्या माणसाच्या फारसा कामाचा नाही.

गढूळ पाणी असेल तर यातलं काहीही करण्याआधी ते भांड्यात निवळू द्यावं आणि वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्यावं. आणि खाणीखालचं, फवारलेल्या शेतातून आलेलं किंवा हिरवट-निळी साय धरलेलं पाणी असेल, तर ही चारही साधनं सॅकमध्येच राहू द्यावीत. विष उकळून जात नाही, उलट पाणी आटून घट्ट होतं. दुसरा झरा शोधावा.

एकाच साधनावर निर्णय करायचा असेल आणि बर्फ नसेल, तर फिल्टर घ्या. गोठवणारी थंडी असेल आणि स्वयंपाकासाठी स्टोव्ह तसाही नेणार असाल, तर उकळा. रात्रीच उकळून बाटल्या भरल्या की निवण्याची वाट बघणं वाचतं आणि पायाशी ऊबही मिळते. वर माणसांची वस्ती असेल तर फिल्टरमधून गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाका. फिल्टरमधून निसटतं ते क्लोरीन मारतं आणि क्लोरीनला दाद देत नाही ते फिल्टर अडवतो. मी स्वतः फिल्टर नेतो आणि क्लोरीन डायऑक्साइडच्या दहा गोळ्या प्रथमोपचाराच्या डब्यात टाकून ठेवतो. फिल्टर गोठला ‘त्या’ सकाळी त्याच कामी आल्या, आणि चार तासांपैकी शेवटचा तास फार लांबला.