सट्टा, रमी आणि कर्ज : नागपुरातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

दक्षिण नागपुरातील एका धर्मादाय व्यसनमुक्ती केंद्रात दारू आणि तंबाखूच्या जोडीने जुगाराच्या व्यसनासाठीही समुपदेशन केले जाते. भाच्याच्या निमित्ताने ही सेवा मला काही महिने जवळून पाहता आली आणि त्याच्याच संमतीने हे लिहीत आहे. तेथे येणाऱ्या कुटुंबांची ओळख जपली जावी म्हणून केंद्राचे नाव देत नाही. माझे मत आधीच सांगतो. समुपदेशन चांगले आहे, कर्जाविषयीचे मार्गदर्शन उत्तम आहे, वेळा नोकरदारासाठी अत्यंत गैरसोयीच्या आहेत, आणि केंद्राला जे साधत नाही त्यातील बराचसा भाग कायद्यानेच करून द्यायला हवा.

पहिल्या भेटीचे 100 रुपये घेतात, त्यापुढे ऐच्छिक देणगी. समुपदेशक ताईंनी भाच्याला एकट्यालाच आत बोलावले आणि आम्हा नातेवाइकांना बाहेर बसवले, हे मला पसंत पडले, कारण मामा आणि आई समोर असताना खरा आकडा कोणी सांगत नाही. त्यांच्याकडे नऊ प्रश्नांचा एक तक्ता आहे. लावायची रक्कम वाढवत न्यावी लागते का, थांबण्याचे प्रयत्न फसले का, हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळता का, घरच्यांशी खोटे बोलता का, पैशांची नड भागवायला दुसऱ्यांकडे हात पसरता का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 साली आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर बसवले, तेव्हापासूनची ही कसोटी असून, वर्षभरात नऊपैकी चार लक्षणे आढळली की निदान पक्के होते. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हा प्रश्नही ताईंनी पहिल्याच भेटीत, आडपडदा न ठेवता विचारला. कर्जबाजारी झालेल्या तरुणाच्या बाबतीत तो विचारलाच पाहिजे, आणि घरचे लोक नेमका तोच टाळतात.

दुसऱ्या भेटीला बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट छापून आणायला सांगतात. ते पूर्ण हवे, मोबाइलवरचे चालत नाही. मी सहकारी बँकेत नोकरी करून निवृत्त झालो असल्यामुळे असे कागद आयुष्यभर चाळले आहेत, परंतु ते या पद्धतीने वाचण्याची रीत मला नवीन होती. भाच्याने स्वतः गुलाबी हायलायटरने जुगाराची प्रत्येक नोंद रंगवायची, आणि ताई शेजारी बसून एक शब्दही न बोलता पाहायच्या. 7 तारखेला पगार, त्याच रात्री 200 आणि 500 रुपयांच्या नोंदी, दोन दिवसांनी 2000 आणि 5000 च्या, आणि 15 तारखेच्या आत शिल्लक तीन आकडी. यूपीआयच्या यादीवरून वेळा जुळवल्या तेव्हा निम्म्याहून अधिक व्यवहार रात्री बारानंतरचे निघाले. दिवसा हिंगण्याच्या कारखान्यात पाळी आणि रात्री मोबाइलवर रमी, असा हा क्रम होता. ‘गेलेले काढाले बसलो होतो, मामा,’ एवढेच तो नंतर म्हणाला. सट्टा लावणारे यालाच ‘रिकव्हरी’ म्हणतात, आणि ताईंच्या मते माणूस बुडतो तो बहुधा या रिकव्हरीतच.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्षाच्या पहिल्या भागात पैसे एका नोंदणीकृत कंपनीच्या नावावर जात होते. ऑगस्ट 2025 नंतर ते नाव नाहीसे झाले आणि त्याच्या जागी दर आठवड्याला बदलणारी अनोळखी नावे आली : कधी कुण्या व्यक्तीचे, कधी एखाद्या ट्रेडर्सचे, एकदा तर एका किराणा दुकानाचे. याचे कारण उघड आहे. त्या महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणे या कायद्याने गुन्हा ठरवले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली म्हटले होते आणि त्याच आधारावर रमीची अ‍ॅप इतकी वर्षे उजळ माथ्याने चालली. तो आधार गेला आणि मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले.

भाच्याची रमी त्यामुळे खरोखरच सुटली, हे मान्य केले पाहिजे. तथापि महिनाभरातच त्याच्या हाती क्रिकेटची ‘आयडी’ आली. ओळखीतला कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक, आयडी आणि पासवर्ड पाठवतो, मागे असलेले संकेतस्थळ परदेशातून चालते, पैसे कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात टाकायचे आणि पावतीचा स्क्रीनशॉट पाठवला की आयडीवर ‘पॉइंट’ चढतात. ज्यांच्या नावावर ही खाती असतात त्यांतील अनेकांना त्यातून काय फिरते आहे याची पुरती कल्पनाही नसते. नागपूरकरांना हे नवे नाही. 2023 च्या जुलैमध्ये आपल्याच शहरातील एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारातून 58 कोटींची फसवणूक झाल्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी गोंदियात छापा घातला आणि कोट्यवधींची रोकड व किलोंनी सोने बाहेर काढले, ते सर्वांनी वाचले आहे.

कर्जाविषयीचे सत्र एक वकील महिन्यातून दोनदा, विनामूल्य घेतात. हे एकच सत्र मिळाले असते तरी मी या केंद्राची शिफारस केली असती. वकिलांनी सर्व देणी एका कागदावर तीन रकान्यांत मांडायला लावली. पहिल्या रकान्यात बुकीचे देणे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक असतो, म्हणून बुकीला त्याच्या वसुलीसाठी न्यायालयात जाता येत नाही, आणि तो धमकावत असेल तर ती बाब पोलिसांत देण्याची आहे. दुसऱ्या रकान्यात खासगी सावकार. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. तिसऱ्या रकान्यात बँका आणि कर्ज देणारी अ‍ॅप, ज्यांचे देणे खरे आहे आणि हप्ते पाडून फेडायचेच आहे. शेत विकून सगळे एकरकमी फेडून टाकण्याचा विचार माझ्या बहिणीने बोलून दाखवला, तेव्हा वकील आणि ताई दोघांनीही तो ठामपणे खोडून काढला. पाटी एकदम कोरी झाली की व्यसनी माणूस नव्या उधारीला मोकळा होतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि माझ्या बँकेतील अनुभवाशी ते तंतोतंत जुळते.

यानंतरच्या कौटुंबिक सत्रात पैशांचा मार्ग अडवण्याची योजना आखली जाते, आणि केंद्राचे हात येथे तोकडे पडतात. भाचा स्वतः तयार होता, म्हणून आम्ही त्याच्या बँकेच्या शाखेत जाऊन जुगाराशी संबंधित व्यवहार बंद करून मागितले. अशी सोयच नसल्याचे सांगून तेथील अधिकाऱ्यांनी यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करून दिली, जी मोबाइलवरून पुन्हा वाढवायला भाच्याला पाच मिनिटेही लागली नसती. शेवटी पगाराचे खाते बहिणीबरोबर संयुक्त केले, यूपीआय काढून टाकले आणि साधा मोबाइल दिला. ब्रिटनमध्ये अनेक बँका खातेदाराच्या एका विनंतीवर जुगाराचे व्यवहार बंद करतात आणि पुन्हा सुरू करायचे तर दोन-तीन दिवस थांबायला लावतात. तेवढ्या काळात उबळ ओसरते. आपल्या नव्या कायद्याने अशा व्यवहारांना साहाय्य करणाऱ्या बँकेला शिक्षा ठेवली आहे, पण स्वतःला अडवून घेऊ इच्छिणाऱ्या खातेदाराच्या हाती काहीच दिलेले नाही. पैसे भाड्याच्या खात्यांत जात असताना बँका जुगाराचे व्यवहार ज्यावरून ओळखतात केवळ त्या सांकेतिक क्रमांकावर आधारलेली बंदी पुरणार नाही, हेही खरे. परंतु रात्री बारा ते पाच अनोळखी खात्यात पैसे न जाऊ देण्याची आणि शिथिल करायला तीन दिवस लागतील अशी मर्यादा मागण्याचा हक्क खातेदाराला मिळाला, तर भाच्याच्या स्टेटमेंटवरील अर्ध्याहून अधिक गुलाबी पट्टे उमटलेच नसते. तामिळनाडूने ऑनलाइन पैशांच्या खेळांना नेमकी हीच मध्यरात्र ते पहाटे पाचची बंदी घातली होती आणि मद्रास उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये ती उचलूनही धरली होती. सिंगापूरमध्ये तर जोडीदार, आईवडील, मुले किंवा भावंडे अर्ज करून घरच्या माणसाला कॅसिनोची दारे बंद करून घेऊ शकतात. एकत्र कुटुंबात कर्ज सगळ्यांच्या डोक्यावर येते अशा आपल्या समाजात कुटुंबाला अर्जाचा असा अधिकार, गैरवापर होणार नाही याची काळजी घेऊन, देण्यासारखा आहे.

शनिवारच्या गटबैठकीत आणखी एक विसंगती लक्षात येते. वर्तुळात एकमेकांशेजारी बसलेल्यांपैकी काही मोबाइलवर हरलेले असतात, तर काही सट्टापट्टी, वरली मटका किंवा ताशपत्त्यांवर. पहिल्यांना 2025 चा कायदा शिक्षा करत नाही, त्याचा रोख खेळवणाऱ्यांवर आहे. दुसऱ्यांसाठी मात्र 1887 चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा लागू असून त्याचे कलम 4 अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे, तर कलम 5 अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यासाठी. पोळ्याच्या सुमारास पडलेल्या एका धाडीत पकडला गेलेला हमाल आणि घरबसल्या पाच लाख घालवलेला पदवीधर यांचा आजार एकच, उपचार एकच, मात्र एकाच्या नावावर गुन्हा आहे आणि दुसऱ्याच्या नाही. गटातील पहिल्या प्रकारचे लोक तक्रार द्यायला पोलिसांकडे जातात, दुसऱ्या प्रकारचे केंद्रात यायलाही बिचकतात. दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला सरकार आपल्याच शहरात येते. 1976 चा कॅसिनो कायदा, जो कधी अमलातच आला नव्हता, तो रद्द करण्याचे काम 2023 मध्ये झाले. 1887 च्या कायद्यात खेळणाऱ्याला प्रथम समुपदेशनाकडे पाठवण्याची तरतूद घालणे हे त्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

पैशांचाही प्रश्न आहेच. ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी घेतला गेला, राज्याची स्वतःची लॉटरी 1969 पासून चालू आहे, आणि या केंद्राच्या भिंतीवरील फलकावर मात्र पंखे आणि खुर्च्या देणाऱ्या दात्यांची नावे आहेत. ब्रिटनने एप्रिल 2025 पासून जुगार कंपन्यांवर संशोधन, प्रतिबंध आणि उपचारांसाठी सक्तीची पट्टी बसवली. आपल्याकडे कंपन्याच बंद झाल्याने तो मार्ग राहिला नाही, तरी वसूल होणाऱ्या दंडाचा आणि लॉटरीच्या उत्पन्नाचा काही वाटा इकडे वळवता येईल.

आता उणिवा. केंद्र सोमवार ते शुक्रवार 11 ते 5 आणि शनिवारी दुपारपर्यंत उघडे असते, म्हणजे बुटीबोरी किंवा हिंगण्याला पाळीवर जाणाऱ्याला प्रत्येक भेटीसाठी सुटी टाकावी लागते. खेळण्याची उबळ रात्री येते आणि केंद्राचा दूरध्वनी संध्याकाळी पाचनंतर कोणी उचलत नाही. त्यासाठी ताईंनीच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक दिला. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते. समुपदेशनाच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडचा पडदा आहे, आणि पलीकडचे बोलणे बऱ्यापैकी ऐकू येते, जे अशा ठिकाणी मुळीच चालू नये. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतात. महिलांसाठी स्वतंत्र वेळ नाही, आणि गटबैठकीत मला एकही महिला दिसली नाही. महिला खेळत नाहीत असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

भाचा सध्या खेळत नाही, मध्ये एकदा घसरला होता आणि ते त्याने स्वतःहून येऊन सांगितले. यश कशाला म्हणावे याची केंद्राची व्याख्याही तीच आहे, आणि शंभर टक्के खात्रीच्या जाहिराती करणाऱ्यांपेक्षा ती मला विश्वासार्ह वाटते. पाचपैकी चार गुण देईन, कापलेला एक वेळेचा आणि त्या प्लायवूडचा. अशा कोणत्याही केंद्रात जाताना बारा महिन्यांचे स्टेटमेंट, सर्व देण्यांची यादी आणि धमकीचे संदेश आले असल्यास त्यांच्या छापील प्रती सोबत न्याव्यात, वकिलांची तारीख आधी विचारून घ्यावी, आणि तोवर कोणालाही एकरकमी पैसे देऊ नयेत.