गोळीतला किंचितसा दुसरा स्फटिक: एक्स-रे की एनएमआर?

औषधाच्या गोळीत नको असलेला स्फटिकप्रकार, म्हणजे त्याच औषधाच्या रेणूंची वेगळी मांडणी, एक टक्क्याहून कमी असेल, तर तो पकडायचा कशाने? पहिला हात जातो पावडर एक्स-रे डिफ्रॅक्शनकडे, आणि ते योग्यच आहे. काही मिनिटांत आलेख मिळतो, प्रत्येक रचनेची शिखरं ठरलेल्या कोनांवर येतात. पण अंश फारच थोडा असला की त्याची शिखरं मुख्य घटकाच्या शिखरांखाली दडतात. अस्फटिक, म्हणजे रेणूंची ठरावीक मांडणी नसलेल्या, भागाला तर शिखरच नाही, नुसता पसरट उंचवटा. सुईसारखे कण दाबताना एकाच दिशेने आडवे झाले, तर शिखरांची उंचीही फसवते.

घन-अवस्था एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) अणुकेंद्राभोवतीचा परिसर बघतं, त्यामुळे स्फटिक आणि अस्फटिक दोन्ही दिसतात. नमुना रोटर नावाच्या छोट्या नळीत भरून चुंबकीय क्षेत्राशी ५४.७४ अंशांच्या कोनात सेकंदाला हजारो फेऱ्यांनी फिरवला, की आलेखातल्या रुंद रेषा बारीक होतात. कार्बन-१३ निसर्गात जेमतेम १.१ टक्का, म्हणून कधी रात्रभर मोजावं लागतं. औषधात फ्लोरिन असेल तर मात्र मी दुसरा विचारच करणार नाही: फ्लोरिन-१९ चं प्रमाण १०० टक्के, आणि गोळीत भर म्हणून घातलेल्या स्टार्च-लॅक्टोजमध्ये फ्लोरिन नसतंच. दिसतं ते फक्त औषध.

मोजताना एक चूक सहज होते. दोन रेडिओ-स्पंदांमधला वेळ सर्वांत मंद घटकाच्या टी१ च्या (स्पंदानंतर अणुकेंद्रं किती वेगाने पूर्वस्थितीत परततात ते सांगणाऱ्या काळाच्या) निदान पाचपट हवा. नाहीतर त्या घटकाच्या शिखराचं क्षेत्रफळ कमी भरतं आणि आकडा सुबक, पण चुकीचा येतो. काही स्फटिकांचा टी१ कित्येक मिनिटांचा असतो. तेवढं थांबावंच लागतं.