जादा गुणसूत्र: मादीकडून आलेलं आणि नराकडून आलेलं

गव्हाच्या पानांवर करपा आणणाऱ्या झायमोसेप्टोरिया ट्रिटिसी या बुरशीत 13 मुख्य गुणसूत्रं असतात. या बुरशीच्या एका प्रसिद्ध वाणात आणखी 8 जादा आहेत. असं जादा गुणसूत्र एकाच पालकाकडे असलं की त्याला जोडीदार मिळत नाही. नराकडून आलं, तर मेंडेलचा सरळ हिशोब, म्हणजे निम्म्या संततीत: संकरातून एकत्र तयार होणाऱ्या आठ बीजाणूंपैकी चारांत. मादीकडून आलं, तर कित्येकदा आठही बीजाणूंत! 2018 मध्ये हे प्रसिद्ध झालं. एकट्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत तयार होत असावी, असं संशोधकांना वाटतं. विलक्षण म्हणजे, तीच बुरशी एका संकरात मादी, तर दुसऱ्यात नर होऊ शकते. जोडीदार असलेली जादा गुणसूत्रं मात्र अधूनमधून हरवतात.