पाळीचं दुखणं: अंगावर काढायचं, गोळ्या सुरू करायच्या की दुर्बिणीने बघून घ्यायचं?

पाळीत किती दुखतं याआधी कधी दुखतं ते बघावं. एंडोमेट्रिओसिसचा संशय घेताना कळांच्या जोरापेक्षा त्यांचं वेळापत्रक जास्त सांगून जातं. या आजारात गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर रुजतो: बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या भिंतीवर. संप्रेरकांच्या तालावर तो महिन्याच्या महिन्याला सुजतो आणि हळूहळू आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटवतो. पण पडद्यावरचे चार बारीक ठिपके एखादीला अंथरुणाला खिळवतात, तर दुसरीच्या बीजकोशात सहा सेंटिमीटरची गाठ असून तिला पत्ताही नसतो. म्हणून ‘फार दुखतं म्हणजे आजार मोठा’ हा हिशोब इथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुली-बायकांना हा त्रास आहे, आणि निदानाला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात.

साधं दुखणं आणि हे दुखणं

साध्या दुखण्यात रक्तस्राव सुरू होतानाच कळा येतात आणि दोन-तीन दिवसांत ओसरतात. पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने मुलींना फारसं दुखत नाही, कारण बऱ्याच पाळ्या बीज न सुटताच येतात. बीज नियमित सुटायला लागलं की कळा सुरू होतात. गोळी, गरम पाण्याची पिशवी यांनी आराम पडतो आणि वय वाढतं तसा त्रास बहुधा कमी होतो.

एंडोमेट्रिओसिसचं दुखणं पाळीच्या काही दिवस आधीच सुरू होतं, पाळी संपली तरी रेंगाळतं आणि वर्षागणिक वाढत जातं. पुढे तर महिन्यातले बरेच दिवस ओटीपोट जड राहतं. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखं वाटणं, लघवीला जळजळ होऊनही तपासणीत जंतू न सापडणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, पोट टम्म फुगणं, हाडं मोडून आल्यासारखा थकवा, दिवस न राहणं: यातल्या दोन-तीन गोष्टी दुखण्याच्या जोडीला असतील तर संशय पक्का धरावा. आई किंवा बहिणीला हा आजार असेल तर आणखी लवकर. सिझेरियनच्या टाक्यांजवळ पाळीत दुखणारी, फुगणारी गाठ हाही याच आजाराचा प्रकार असू शकतो. दर पाळीला उजवा खांदा दुखतो हे बायका स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगतही नाहीत. तेही सांगावं, कारण थर श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यावर, असू शकतो.

गोळीची परीक्षाही नीट घ्यायला हवी. पुष्कळ जणी कळा टिपेला गेल्यावर, एकदा उलटी झाल्यावर एक गोळी घेतात आणि ‘मला गोळी लागू पडत नाही’ म्हणतात. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दुखायला लागल्या लागल्या, जेवणावर, दर आठ तासांनी दोन-तीन दिवस घ्यायची असते. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. घरोघरी डब्यात असणाऱ्या मेफ्टालमधल्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३च्या अखेरीस सावधगिरीची सूचना काढली होती: ते घेतल्यावर ताप आणि अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून डॉक्टर गाठावा. अशा शिस्तीने तीन पाळ्या गोळ्या घेऊनही शाळा किंवा ऑफिस बुडत असेल, तर ते ‘बाईच्या जातीला असतंच’ या खात्यात टाकू नये. उलट गोळीने बरं वाटलं म्हणून आजार नाहीच, असंही धरू नये.

याच्यासारखं दिसणारं बरंच काही असतं. अंगावरून फार जातं, गाठी पडतात, गर्भपिशवी सुजलेली आहे, तर अॅडिनोमायोसिस (असाच थर पिशवीच्या स्नायूत शिरणं) किंवा फायब्रॉइड (पिशवीतली साधी, कॅन्सर नसलेली गाठ) असू शकतं, आणि अॅडिनोमायोसिस एंडोमेट्रिओसिसच्या जोडीनेही येतं. ताप आणि वास येणारा पांढरा स्राव असेल तर जंतुसंसर्ग. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयही विसरून चालत नाही: पाळी अगदी कमी जाणं, दिवस न राहणं आणि ओटीपोटातलं दुखणं तिथेही असतं.

वाटा चार

पहिली, नोंद ठेवून थांबायची. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब मांडतो त्याच चौकोनात रोज तीन गोष्टी लिहायच्या: दुखणं ० ते १० मध्ये किती, गोळ्या किती, काम बुडलं का. शौच, लघवी किंवा संबंधाच्या वेळी दुखलं तर वेगळी खूण. पाळीचा पहिला दिवस म्हणजे लाल रक्त सुरू झाल्याचा दिवस, त्याआधीचे डाग नव्हेत. दोन-तीन पाळ्यांची अशी नोंद डॉक्टरांपुढे ठेवली की ‘खूप दुखतं’ या दोन शब्दांपेक्षा वजन पडतं. पण थांबायचं ते तीन महिने, तीन वर्षं नव्हेत.

दुसरी, सोनोग्राफी. इथेच सर्वांत जास्त गफलत होते. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाही.’ सोनोग्राफीत बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या घट्ट रक्ताने भरलेली या आजाराची गाठ, चांगली दिसते, अनुभवी हात असेल तर खोल गाठीही दिसतात, पण पडद्यावरचे उथळ ठिपके सहसा दिसत नाहीत. म्हणजे रिपोर्टमध्ये काही सापडलं तर उत्तर मिळालं, नाही सापडलं तर प्रश्न उघडाच राहिला. आतून केलेली सोनोग्राफी पोटावरून केलेल्यापेक्षा बरंच जास्त सांगते. सेंटरवर ‘लग्न झालंय का?’ असं विचारतात, त्याचा खरा अर्थ आतून तपासणी चालेल का, असा असतो. उत्तर त्या अर्थाने द्यावं. नको असेल तर एमआरआय हा पर्याय आहे. खर्च कित्येक पट, उथळ ठिपक्यांबाबत तोही आंधळाच, पण आतडं किंवा मूत्रनलिका अडकल्याची शंका असेल तर उपयोगी. चिठ्ठीवर नुसतं ‘पेल्विक सोनोग्राफी’ नको. एंडोमेट्रिओसिसचा संशय आहे आणि गर्भपिशवी आतड्यावरून मोकळी सरकते का ते बघा, असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

रिपोर्टमध्ये ‘ग्राउंड ग्लास एकोज’ दिसलं की ते बहुधा चॉकलेट सिस्टचं वर्णन असतं. मात्र बीज सुटताना झालेली साधी रक्ताची गाठही कधी कधी तशीच दिसते. ती दोन-तीन महिन्यांत विरते, चॉकलेट सिस्ट विरत नाही. शंका असेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दोन-तीन महिन्यांनी, पाळी झाल्या झाल्या पुन्हा सोनोग्राफी करावी. सीए-१२५ ही बीजकोशाच्या कॅन्सरसाठी ओळखली जाणारी रक्ततपासणी या आजाराच्या निदानासाठी करू नये. ती पाळीत, फायब्रॉइडमध्ये, क्षयातही वाढते आणि हा आजार असूनही नॉर्मल येते. कॅन्सरच्या भीतीने रात्रीची झोप मात्र उडते.

तिसरी वाट, पक्कं निदान न होताच संशयावर औषध. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संघटनेने २०२२च्या मार्गदर्शिकेत दुर्बिणीची तपासणी हेच अंतिम प्रमाण ही जुनी भूमिका सोडली. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये काही दिसत नसेल, अथवा औषधाने गुण येत नसेल किंवा औषध देता येत नसेल, तर दुर्बीण, असं त्यांचं म्हणणं. औषध म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या, बऱ्याचदा खंड न पाडता, किंवा डायनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक) २ मिलिग्रॅम रोज एक. डोळ्यांपुढे आधी चमक किंवा झगझगीत रेषा दिसून येणारी अर्धशिशी, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास किंवा जास्त रक्तदाब असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. डायनोजेस्टमध्ये सुरुवातीचे काही महिने अवेळी डाग पडतात, काहींचं मन उतरतं. डाग बघून घाबरून महिन्याभरात गोळी बंद करणं ही नेहमीची चूक. तीन महिने तरी द्यावेत. आणि ही २ मिलिग्रॅमची गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नये, निरोध वापरावा. औषध त्रास दाबतं, मुळापासून काढत नाही. बंद केल्यावर दुखणं परतू शकतं.

चौथी, दुर्बिणीचं ऑपरेशन. पूर्ण भूल, बेंबीत आणि खाली पाच-दहा मिलिमीटरची छिद्रं, पोटात गॅस. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो तो त्या गॅसमुळे. फायदा असा की ठिपके डोळ्यांना दिसतात, तुकडा तपासायला जातो आणि त्याच बैठकीत काढताही येतात. धोका आतड्याला, मूत्रनलिकेला इजा होण्याचा, आणि बीजकोशावरची सिस्ट सोलताना चांगली बीजंही जाण्याचा. म्हणून मूल हवं असेल तर आधी एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करून घ्यावी. ‘नुसतं बघून येऊ’ म्हणून ऑपरेशन करायला आमचा विरोध आहे. जो बघेल त्याला काढताही आलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्यांदा भूल.

कोणी काय धरावं

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने नोंद, नीट घेतलेली गोळी, मग तिसरी वाट. दुर्बीण बहुधा शेवटी. ‘लग्न झालं, मूल झालं की थांबेल’ हा उपचार नव्हे. गरोदरपणात काहींना आराम पडतो, सगळ्यांना नाही, आणि नंतर त्रास परत येऊ शकतो.

मूल हवं असणारीला तिसरी वाट बंद: त्या गोळ्यांनी दिवस राहायला मदत होत नाही, वेळ मात्र जातो. हा संशय असेल तर वर्षभर वाट न बघता सहा महिन्यांतच वंध्यत्वतज्ज्ञ गाठावा आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी.

चाळिशीतल्या बाईला ‘पिशवी काढून टाका’ असं सहज सांगितलं जातं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९मध्ये गाजलं, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एंडोमेट्रिओसिसमध्ये पिशवी गेली तरी बाहेरचा थर राहिला तर दुखणं राहतं. तेव्हा विचारावं: बाहेरच्या गाठी काढणार का, बीजकोश ठेवणार का, आणि आधी काय औषध करून पाहिलं?

एका बाजूला अचानक असह्य दुखून उलट्या, सिस्ट असताना ताप, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात दुखणं, यात मात्र कुठलीच वाट निवडत बसू नये. त्याच दिवशी हॉस्पिटल.

ऑपरेशन झालंच तर डिस्चार्जच्या आधी तीन वस्तू मागून फायलीत ठेवाव्यात: काय दिसलं आणि काय काढलं याची लेखी नोंद, बायॉप्सीचा रिपोर्ट आणि व्हिडिओ.