खतानं जळलेलं कोवळं रोप: थांबायचं, माती धुवायची की कुंडी बदलायची?

टोमॅटो-मिरचीच्या रोपांना दोन-चार खरी पानं आली की हौसेनं त्यांना भरपूर खताच्या मातीत लावलं जातं आणि थोड्याच दिवसांत पानांची टोकं करपू लागतात. पानं काळपट हिरवी होतात, खाली वळतात. माती ओली असूनही रोप मलूल दिसतं, कारण मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं. अशा वेळी पानं किती करपलीत यापेक्षा मातीत काय मिसळलंय ते आधी आठवा. उपाय त्यावरच ठरतो.

नुसती टोकं तपकिरी झालीत आणि शेंड्यातून येणारी पालवी निरोगी आहे? मग काहीही करू नका. साधं पाणी द्या, तेही वरची माती सुकल्यावर. टॉनिक तर अजिबात नको, त्यानंही क्षारच वाढतात.

पाण्यात विरघळणारं खत जास्त पडलं असेल तर माती धुणं उत्तम. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी थांबत थांबत ओतायचं आणि खालून निघालेलं फेकून द्यायचं. बशीत साचू दिलं तर क्षार पुन्हा वर चढतात. ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं उपकरण) असल्यास पहिल्या आणि शेवटच्या निचऱ्याचं पाणी मोजून बघा, फरक लगेच कळतो. धोका एकच, पण मोठा: एवढ्याशा मुळांभोवती माती कित्येक दिवस चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप बुडाशी कुजून कोलमडू शकतं. मोठ्या कुंडीत इवलंसं रोप असेल तर मी हा उपाय टाळेन.

मातीत हळूहळू विरघळणाऱ्या खताचे गोल दाणे दिसत असतील तर धुण्याचा उपयोग तात्पुरताच. एक दाणा चिमटीत दाबून पाहा, आतून खताचं पाणी येतं. धुतल्यावरही ते पाझरत राहणार, आणि उष्णता वाढली की जास्तच. अर्धवट कुजलेल्या शेणखताचंही तसंच. मातीला अमोनियाचा उग्र वास येत असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

इथं कुंडी बदलणंच बरं. रोपाला धक्का बसतो हे खरं, पण जळत राहण्यापेक्षा तो परवडला. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) एवढंच लहान कुंडीत भरा. कोकोपीट धुवायचं कारण त्यातही कधी कधी मीठ असतं. रोप पानाला धरून उचला. पान फाटलं तर दुसरं येईल, पण खोड चिरडलं की रोप गेलं. मुळांची माती सहज सुटेल तेवढीच सोडवा, ओरबाडू नका. टोमॅटो असेल तर बीजपत्रांपर्यंत (बी उगवताना सर्वांत आधी येणाऱ्या दोन पानांपर्यंत) खोल लावा, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. नवी पानं दिसेपर्यंत खत बंद.

करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे जुन्या पानांकडे बघून घाबरू नका. सुधारणा नव्या पानांत शोधा.

काढलेली माती टाकून देऊ नका. शेणखत कच्चं असेल तर ते आधी पूर्ण कुजू द्या. नंतर तीन भाग साध्या मातीत एक भाग मिसळलीत, तर हीच माती मोठ्या झाडांना छान मानवते.