जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेताय? आधी बॉनेटवर हात ठेवून बघा

मागच्या दिवाळीआधी आम्ही जुनी गाडी घेतली. आई साताऱ्याला एकटी असते. तिचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही, त्यामुळे धायरीहून महिन्यातून दोन-तीन खेपा ठरलेल्या. नवरा म्हणत होता, छोटी साधी गाडी घेऊ. आईला मागे पाय लांब करून बसता यावं म्हणून मोठ्या गाडीचा हट्ट माझा होता. चार लाख पंचाहत्तर हजार रुपये मोजले, त्यातले दीड लाख आईने एफडी मोडून दिलेले. हे पैसे कसे गेले ते नीट लिहिते आहे, कारण ज्या युक्तीने आम्हाला फसवलं ती अगदी साधी आहे आणि उद्या दुसऱ्या कुणावर वापरली जाणारच.

गाडी होती २०१३ ची, एमएच-१४ पासिंगची. इंजिन १७९८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन. ताकद १६० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, तोही १५०० आरपीएमपासून. मीटरवर ६२ हजार किलोमीटर. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला कंपनीने फसवलेलं नाही. या इंजिनाची दुखणी जगभर माहीत आहेत. फसवलं ते ती दुखणी माहीत असलेल्या आणि ती झाकून गाडी विकणाऱ्या माणसाने.

बायपासला लागून असलेल्या त्याच्या दुकानात त्याने आम्हाला सकाळी साडेनऊला बोलावलं. पोचलो तर गाडी धुऊन, बाहेर काढून, चालूच ठेवलेली. "ताई, ऊन आहे म्हणून एसी लावून ठेवलाय, बसा." मला ते अगत्य वाटलं. चांदणी चौकापर्यंत चक्कर मारली. गाडी अशी ओढत होती की नवराही खूश झाला. मी विचारलं, ही इंजिनं ऑइल खातात असं ऐकलंय. तो हसला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज आला: "ऑइल अजिबात खात नाही ताई, गॅरंटी माझी." हा मेसेज मी डिलीट केला नाही, एवढी एक गोष्ट माझ्या हातून बरोबर झाली.

तीन आठवडे झाले, जेमतेम नऊशे किलोमीटर. आईला आणायला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना समोर ऑइलचा पिवळा दिवा लागला. पिवळा म्हणजे पातळी कमी. लाल लागला तर ऑइलचं प्रेशर गेलं असं समजायचं आणि जिथे असाल तिथे इंजिन बंद करायचं. हा फरक मला त्या दिवशी माहीत नव्हता. गाडी बाजूला घेऊन डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली तर टोकाला नुसता ओलसर डाग. घाट संपल्यावर एक लिटर ऑइल घेऊन ओतलं तेव्हा पातळी जेमतेम खुणेत आली.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या गल्लीत भावाच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी गाडी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेतली आणि सकाळी मला समोर उभं करून चालू केली. पहिले तीन-चार सेकंद पुढून असा खडखड आवाज आला की स्टीलच्या डब्यात कुणी खिळे हलवतंय. सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि मग सगळं शांत. काका म्हणाले, "हे तुम्हाला दाखवलं नव्हतं ना?" नव्हतंच दाखवलं. आम्ही जायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं होतं.

त्यांनी समजावलं ते असं. या इंजिनात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करायला, बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं. सकाळी दाब तयार होईपर्यंत ढिली चेन आपटते. टेन्शनर थकलेला असेल तर हा आवाज थंड इंजिनावरच ऐकू येतो, गाडी गरम असली की लपतो. दुर्लक्ष केलं आणि चेन दात सोडून घसरली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग इंजिनच उघडावं लागतं.

मग त्यांनी खालून नट काढून ऑइल ट्रेमध्ये सोडलं, दोन बोटांत घेतलं आणि बोटं लांब केली. तार धरली. गुळाच्या पाकाला एकतारी येते ना, तशी. या इंजिनाला पातळ, पूर्ण सिंथेटिक ऑइल लागतं, ५डब्ल्यू-४० ग्रेडचं. इथे जाड ऑइल आणि त्यात धूर दाबणारं, चिकट ॲडिटिव्ह घातलेलं होतं. आवाज कमी, धूर कमी, गाडी विकली जाईपर्यंत सगळं झाकलेलं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. त्याला असलं चिकट पाणी पाजणं म्हणजे पुढच्या मालकाचा टर्बो जाळायची सोय करून ठेवणं. हे मला पैसे जाण्यापेक्षाही जास्त लागलं. पैसे घेतले ते घेतले, वर गाडीचंही वाटोळं केलं.

काका सरळ इंजिन खोलायला निघाले नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. आधी स्वस्तातलं तपासलं. क्रॅंककेसमधली वाफ परत ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह खराब असला तरी इंजिन ऑइल खातं, म्हणून तो बदलला. योग्य ग्रेडचं ऑइल भरून पातळी लिहून ठेवली आणि हजार किलोमीटर चालवून आणा म्हणाले. हजार किलोमीटरमध्ये एक लिटर चारशे मिली गेलं. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त अर्धा लिटर मान्य केलेलं आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, मात्र चारही सिलिंडरमध्ये चांगलं निघालं. मला वाटलं, म्हणजे इंजिन ठीक आहे. तसं नसतं. कॉम्प्रेशन धरतात पिस्टनवर बसवलेल्या रिंगांपैकी वरच्या. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडते ती खालची रिंग, आणि या पिढीच्या इंजिनात ती बारीक, तिची भोकंही बारीक. ती कार्बनने बुजली की ऑइल वर जातं आणि जळतं. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर पिस्टनचे माथे काळे, ओले. नवे पिस्टन, रिंगा, चेनचा पूर्ण किट आणि मजुरी मिळून काकांनी एक लाख नव्वद हजारांचा अंदाज दिला.

इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचणं हे तिसरं दुखणं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. ते आमच्याही गाडीत होतं, पण त्याला मी फसवणूक म्हणणार नाही.

फसवणूक म्हणजे मीटर. चासी नंबर घेऊन मी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले, नव्या मालकाच्या नावाचं आरसी दाखवून जुना रेकॉर्ड मागितला. २०१९ च्या नोंदीत गाडी १ लाख १८ हजार चाललेली होती. खाली शेरा होता: ऑइल कमी होत असल्याची ग्राहकाची तक्रार, दुरुस्ती ग्राहकाने नाकारली. तो कागद हातात घेऊन मी तिथल्या बाकावर बसून राहिले. गाडी घ्यायच्या आधी फक्त अर्धा दिवस काढून इथे आले असते, विकणाऱ्याला सांगून हा रेकॉर्ड मागवला असता, तर आईची एफडी शाबूत राहिली असती.

विकणाऱ्याकडे गेलो तेव्हा त्याने डिलिव्हरी नोट पुढे केली. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं: गाडी पाहून, तपासून, जशी आहे तशी घेतली. खाली माझी सही. "ताई, जुनी गाडी आहे, थोडंफार निघणारच." मीटरचं विचारलं तर म्हणाला, मला आली तेव्हा एवढंच होतं. दुसऱ्या फेरीला त्याने आम्हाला आत बसूही दिलं नाही.

तुम्ही गाडी बघायला जाणार असाल तर वेळ सांगून जा, पण पोचा तासभर आधी. बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या, कितीही गोड बोलले तरी. इंजिन तुमच्यासमोर थंड असताना चालू करायला लावा, एकाला सायलेन्सरपाशी उभं करा, दुसरा पुढे कान देऊन. मेकॅनिकला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) घेऊन न्या, आणि नुसता फॉल्ट कोड नाही यावर समाधान मानू नका. कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात. तसं असेल तर स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्या, अपूर्ण दिसतात. मीटर मागे फिरवलं तरी दुसऱ्या एखाद्या कंट्रोल युनिटमध्ये जुना आकडा कधी कधी राहून गेलेला असतो, तेही बघायला सांगा. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओची अधिकृतता लागते, ते प्रमाणपत्र मागा. आमच्या विक्रेत्याकडे ते आहे का, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलामार्फत नोटीस, आणि उत्तर आलं नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. व्यवहार पाच लाखांच्या आतला असल्याने आयोगाची फी लागली नाही. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. व्हॉट्सॲपचा मेसेज, सर्व्हिसचा रेकॉर्ड आणि काकांचा लेखी अहवाल जोडलाय. वकिलांनी गाडी आहे त्या स्थितीत ठेवायला सांगितलंय, म्हणून दुरुस्ती केलेली नाही. गेल्या रविवारी पहाटे सहाला पार्किंगमध्ये उतरून मी ती चालू केली आणि नवऱ्याने मोबाइलवर त्या पहिल्या चार सेकंदांचा व्हिडिओ घेतला. पुढच्या तारखेला तो दाखवायचा आहे. तोवर आईकडे भाड्याच्या गाडीने जातो.