पाच मायक्रॉनची पावडर आणि घरी घासलेली काच

माझा टेपवाला कॅमकॉर्डर जुना असला तरी ठणठणीत आहे. मात्र त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असल्यामुळे शंकरपटात धावणारी बैलजोडी आणि तिच्यामागची गर्दी दोन्ही सारखीच स्पष्ट दिसतात. यावरचा जुना उपाय असा की, फोटो कॅमेऱ्याच्या लेन्सची मोठी, मागचे धूसर ठेवणारी प्रतिमा घासलेल्या काचेवर पाडायची आणि कॅमकॉर्डरने ती काच जवळून टिपायची. 2008 मध्ये मोठ्या सेन्सरवर व्हिडिओ टिपणारा कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा फोटो कॅमेरा आल्यानंतर अशा ॲडॉप्टरची गरज ओसरली. तरीही ज्याच्या घरी कॅमकॉर्डर आणि निकॉनची 50 मिमी लेन्स पडूनच आहे, त्याला हा खटाटोप परवडतो. त्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या पाच मायक्रॉनच्या पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइड पावडरीचा हा अनुभव.

आधी मी गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती पेस्ट वापरून पाहिली. काच लवकर दुधी झाली, पण चित्रावर सर्वत्र रवा पसरल्यासारखा दिसू लागला. पावडरीने हा दोष जवळजवळ नाहीसा केला. वडसा येथील फोटोफ्रेमवाल्याने हिरकणीने कापून दिलेले 2 मिमी काचेचे दोन तुकडे घेतले, त्यांच्या कडा ओल्या पॉलिश पेपरने मोडल्या (हे न केल्यास कडेचे कण सुटून मधोमध ओरखडे पाडतात), चिमूटभर पावडर आणि थोडे पाणी घालून एक तुकडा दुसऱ्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवत राहिलो. सुरुवातीला करकर ऐकू येते. पाचेक मिनिटांत कण झिजून आवाज मऊ पडतो, तेव्हा ती राबडी धुऊन नवी पावडर घ्यायची. सव्वा तासानंतर काच वाळवून उजेडात तिरपी धरली आणि निकॉनची लेन्स उलटी करून भिंगासारखी डोळ्याला लावली. जिथे चकाकणारे ठिपके दिसले, तिथे घासणे अपुरे राहिले होते. आणखी वीस मिनिटांनी तेही गेले.

तक्रार आहे ती विक्रेत्याच्या पॅकिंगची. पातळ पिशवीला नुसती गाठ मारलेली होती, ती वाटेतच सुटली आणि खोक्यातली धूळ पावडरीत मिसळली. त्यातल्याच एखाद्या जाड कणाने माझ्या पहिल्या काचेवर आडवी रेघ ओढली असावी. त्यात मी अंगणात घासायला बसलो होतो आणि शेजारच्या खळ्यावर धानाची मळणी चालू होती, म्हणून सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. दुसरी काच दार लावून, गाळलेल्या पाण्यात घासली आणि ती निर्दोष निघाली.

काच बसवताना घासलेली बाजू लेन्सकडे ठेवावी आणि निकॉनच्या माउंटपासून (लेन्स जिथे अडकते त्या कड्यापासून) त्या पृष्ठभागापर्यंत 46.5 मिमी अंतर राखावे. मी घाईत काच उलटी बसवली. त्यामुळे प्रकाश आधी काचेच्या जाडीतून गेला, फोकस सुमारे पाऊण मिलिमीटर मागे सरकला आणि बांधावरची पळसाची झाडे काही केल्या स्पष्ट होईनात. नळकांडे मोटरपंपाच्या 63 मिमी व्यासाच्या पाइपचा तुकडा आतून काळा रंगवून केले. प्रतिमा उलटी पडते, म्हणून कॅमकॉर्डरच उलटा बसवला आहे.

भर उन्हातल्या पटाचे चित्रण मनासारखे झाले: जोडी धारदार आणि मागची गर्दी विरघळलेली. लेन्सचे छिद्र एफ 2.8 पर्यंत मोठे उघडे असेल तर काचेचा पोत जाणवत नाही, पण ते एफ 8 पर्यंत लहान केले की निळ्या आकाशावर तो लगेच उठून दिसतो. काच बराच प्रकाश खाते, त्यामुळे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रात्रीच्या नाटकाला हा ॲडॉप्टर कुचकामी ठरला. पडद्यावर नटांपेक्षा दाणेच अधिक दिसत होते.

पावडरीला मी पाचपैकी चार गुण देतो. घ्यायची झाल्यास 100 ग्रॅमच घ्यावी, कारण तीन काचांना माझे दोन चमचेही संपले नाहीत. आणि घरी आल्याबरोबर ती झाकणाच्या कोरड्या बरणीत भरून ठेवावी.